नदीकडची काच

आमचं घर बघायला माणसं अजून येतात. नाशिकहून, पुण्याहून, अहमदाबादहून कॉलेजची मुलं येतात, गळ्यात कॅमेरे असतात, पाठीवर पिशव्या असतात. पायातल्या चपला दारात काढून मोझॅकच्या फरशीवर अनवाणी उभी राहतात. मग एखादी मुलगी हळूच विचारते, “आजी, अशा घरात लहानपण काढायचं म्हणजे काय वाटलं असेल ना तुम्हांला?” मी तिला चहा विचारते. काय वाटायचं ते सांगायला बसले तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, त्या दिवसाशी यावं लागतं, आणि ते सगळं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता डोळे कमी झालेत, हात चालतोय तोवर लिहून ठेवते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, केळी आणि कापूस पिकवणारे. गुजर शेतकऱ्याला शोभेल असं सगळं त्यांच्याकडे होतं, पण डोक्यात एक वेगळाच किडा होता. कापसाच्या कामानं अहमदाबादला गेले असताना त्यांनी तिथे एका गिरणीवाल्याचा नवा बंगला पाहिला. घरी आले आणि जेवताना सांगू लागले की त्या घराला उतरतं छप्पर नाही, दारावर नक्षी नाही, खांब नाहीत, आणि एका बाजूला भिंतच नाही, नुसती काच. मायनं विचारलं, “मंग पाऊस कोठे जास?” आप्पा पुढच्या खेपेला त्या बंगल्याच्या आर्किटेक्टलाच सोबत घेऊन आले. काळ्या जाड फ्रेमचा चष्मा घातलेला बारीक तरुण माणूस. आम्ही त्याला अहमदाबादचे साहेब म्हणायचो. तो दोन दिवस आमच्या मळ्यात नुसता फिरला. सकाळी कुठून ऊन येतं, तापीवरून वारा कुठून येतो, हे बघत बसला. गावाबाहेर नदीच्या चढावर एक कडुलिंब होता, त्याच्या शेजारची जागा त्यानं धरली. झाड तोडायचं नाही म्हणाला. मायला तो तेव्हाच आवडला.

घर उभं राहायला दीड वर्ष लागलं. काम उस्मान मिस्त्रींकडे होतं. शहाद्याचे जुने कारागीर, दाढी मेंदीनं लाल केलेली. मशिदीची कमान असो की विहिरीचं बांधकाम, सगळं त्यांच्या हातचं. पण खांबाशिवाय आठ फूट पुढे आलेला स्लॅब त्यांनीही आयुष्यात ओतला नव्हता. टेकू काढायच्या दिवशी सगळं गाव नदीच्या चढावर जमलं. स्लॅब पडणार यावर बहुतेकांचं एकमत होतं. मिस्त्रींनी घण हातात घेतला आणि तेवढ्यात माझी फुई, आप्पांची धाकटी बहीण तारा, गर्दीतून पुढे आली. ती ब्राह्मणपुरीला दिलेली, पण घराचं काम निघाल्यापासून दर पंधरा दिवसांनी काही ना काही निमित्त काढून यायची. मायचा हात धरून ती म्हणाली, “चाल वं भाभी, आपन खाले बठूत. आपलंच घर शे.” दोघी सरळ स्लॅबखाली जाऊन मांडी घालून बसल्या. मिस्त्री ओरडले, “भाभी, उधर से हटो! टेकू निकालने का है.” माय पदर सारखा करत म्हणाली, “पडी तं आमना आंगवर पडी. तुम्ही काढा.” मिस्त्री स्वतःही आत शिरले आणि आतल्या बाजूनं एकेक टेकू पाडू लागले. शेवटचा टेकू निघाला. स्लॅब जागचा हलला नाही. फुई खालून हसत होती आणि माय तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. त्या दोघींचं कसं होतं ते सांगायला मला याहून वेगळं काही आठवत नाही. नणंद-भावजय असं नातं होतं, पण वागायच्या त्या सख्ख्या बहिणींसारख्या. (आमच्या घरी गुजरी आणि अहिराणी यांची मिसळ बोलत. वाचणाऱ्याला कळावी म्हणून इथे ती जरा सोपी करून लिहिते आहे.)

काचा सगळ्यांत शेवटी आल्या. रेल्वेनं नंदुरबारपर्यंत, लाकडी खोक्यांत, पेंढ्यात घालून. तिथून बैलगाडीनं, तापीच्या उन्हाळी उथळ पात्रातून. गाडीवान अख्खी वाट बैलांच्या पुढे चालत आला, गाडीवर बसला नाही. नदीकडच्या बाजूला फरशीपासून स्लॅबपर्यंत तीन काचा बसल्या. दोन बाजूंच्या काचांना लागून सरकती दारं होती, मधली काच एकसंध, स्थिर. त्या संध्याकाळी आम्ही सगळे बैठकीत फरशीवर बसलो. सूर्य उतरला, नदी तांबडी झाली आणि आमची खोलीही तांबडी झाली. आप्पा हात मांडीवर ठेवून नदी बघत होते.

त्या घरात राहायला शिकावं लागलं. माय चुलीपुढे पाटावर बसून जन्मभर भाकरी थापत आली होती, तिला साहेबांनी उभ्याचा ओटा दिला. पहिले आठ दिवस तिचे पाय सुजले. मग ती ओट्याशी अशी रुळली की दुसऱ्यांच्या घरी बसून स्वयंपाक करताना तिला गुदमरायचं. ओट्यासमोर लांबट खिडकी होती, तिच्यातून केळीचा मळा दिसे. कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी थापता थापता ती मजुरांना सूचना द्यायची. दुपारी मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनाची डगडग थांबली की घर इतकं शांत व्हायचं की माठात पाणी झिरपल्याचं कळायचं. लग्नसराईत वऱ्हाडं मुद्दाम वाट वाकडी करून आमचं घर बघायला यायची. नवऱ्या मुलीला बैठकीत उभं करायची, काचेतून नदी दाखवायची. माय सगळ्यांना गूळ-पाणी द्यायची आणि तेच तेच सांगायची, पाऊस कुठून जातो, हवा कुठून येते. तिला त्याचा कंटाळा येत नसे. मला तर त्या घराचं वेड होतं. साहेबांनी काढलेलं घराचं चित्र आप्पांनी फ्रेम करून लावलं होतं, त्यात घर रिकामं होतं, स्वच्छ, दोरीवर कपडे नाहीत, कोपऱ्यात टोपल्या नाहीत. घर तसं दिसावं म्हणून मी शाळेतून आले की टोपल्या उचलत फिरायचे.

एक गोष्ट मात्र चित्रात नव्हती. पाखरं काचेवर आपटायची. साळुंक्या, बुलबुल, एकदा तर पोपटांची जोडी. त्यांना आरपार नदी दिसायची आणि ती सरळ नदीकडे जायची. सकाळी काचेखाली मऊ, गरम, मेलेलं पाखरू सापडलं की मायचं दिवसभर चित्त लागत नसे. शेवटी तिनं जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि तिन्ही काचांवर वरपासून खालपर्यंत टांगल्या. पाखरं आपटायची थांबली. घर मात्र नवसाच्या चिंध्या बांधलेल्या पिराच्या झाडासारखं दिसू लागलं. आप्पांना ते रुचलं नाही, पण ते बोलले नाहीत. मी बोलले. माय म्हणाली, “पाखरूसले डोळा शेत, पन काच दिखत नही त्यासले. आपले दिखस.”

मी बारा वर्षांची असेन. आखाजी आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. फुई दोन दिवस आधीच आली, सोबत फुवा, म्हणजे तिचे यजमान, आणि त्यांची कुंदा. सहा वर्षांची, एकुलती एक, समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिच्या बोलण्यात वारा शिरायचा. ती दिवसभर माझ्या मागे असायची. कडुलिंबाला नदीकडच्या अंगाला मोठा झोका बांधला होता, त्यावर पोरींच्या पाळ्या लागल्या होत्या.

आखाजीच्या सकाळी मायनं मला बैठक झाडायला सांगितली. दुपारी पाहुणे येणार होते, तालुक्याची माणसं, घर बघायला म्हणूनच येणार होती. मी फरशी पुसली, चित्राची फ्रेम पुसली, आणि त्या चिंध्यांकडे बघत राहिले. मग टेबल ओढलं, त्यावर चढले आणि एकेक करून सगळ्या चिंध्या काढल्या. त्यांचं बोचकं करून कोठीत टाकलं. वर्तमानपत्राचे बोळे पाण्यात भिजवून तिन्ही काचा आतून-बाहेरून पुसल्या, मधली काच दोनदा. खाली उतरून पाहिलं तर काच नव्हतीच. नदी होती, झाड होतं, झोका होता. चित्रासारखं घर. मला किती आनंद झाला ते आज लिहितानाही स्पष्ट आठवतं. त्यानंतरचं मला आठवतं ते सगळं आवाज आणि वस्तूंच्या रूपात.

मी आणि माय ओट्याशी आंबे पिळत होतो. खापरावर मांडे टाकायला दोन बाया बाहेर बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. कुंदा आत पाणी प्यायला आली. तिनं माठावरचा पेला उचलला, ठेवला, माझ्याकडे बघून हसली. बाहेरून पोरी ओरडल्या, “कुंदे, तुन्हा झोका वना!” तिची पाळी आली होती. तिचे पाय फरशीवर पट पट वाजत गेले, बैठकीकडे, सरळ. दोन आवाज झाले. पहिला फार मोठा नव्हता. दुसरा, वर उरलेली काच खाली आल्याचा.

माय धावली. मी धावले नाही. माझे हात कोपरापर्यंत रसात होते आणि हात धुतल्याशिवाय बैठकीत जायचं नाही असं मला शिकवलेलं होतं. मी हात धुतले. मी नीट, साबण लावून हात धुतले. मग गेले तेव्हा फुवांनी कुंदाला उचललं होतं आणि आप्पा जीप चालू करत होते. फुई जीपमागे धावली, तिला कोणीतरी वर ओढून घेतलं. मधल्या चौकटीत काच नव्हती आणि तिच्यातून वारा आत येत होता. दवाखान्याच्या वाटेवर, लोणखेडा यायच्या आधीच कुंदा गेली. मांडीतली मोठी शीर कापली होती, असं नंतर कोणीतरी म्हणाल्याचं ऐकलं.

दुपारी सगळी माणसं बाहेर झाडाखाली होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. रसाचं पातेलं फडक्यानं झाकून ओट्यावर तसंच होतं. मी फडकं काढलं, वाटी भरली आणि उभ्यानं रस खाल्ला. मग दुसरी वाटी भरली, तीही खाल्ली. रस गोड होता. मला त्याची चव लागली, आणि ती लागतेय याचंही मला काही वाटलं नाही. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. पुढे अनेक वर्षं मी रडण्याची वाट पाहिली. एखाद्या पाहुण्याची वाट बघावी, तशी.

चौथ्या दिवशी फुवा फुईला घेऊन जाणार होते. जीप दारात उभी होती. फुई झोका सोडलेल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी बसली होती, तिचे केस सुटले होते. ती एकदम उठली. अंगणात आप्पा होते, फुवा होते, माय होती, मी दारात होते, उस्मान मिस्त्रीही भेटायला आलेले होते. ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, “चिंध्या व्हत्यात तठे. कोनी काढ्यात?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, ते मला ठाऊक आहे, ओठांना हवा लागली होती. पण माय माझ्यापुढे येऊन उभी राहिली, असं की मला तिची पाठच दिसत होती. “मी काढ्यात,” ती म्हणाली. “पाहुना येनार व्हतात. घर चांगलं दिखाले पाहिजे म्हनीसन मी काढ्यात.”

फुईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “आजपाइन तू मन्ही कोनीच नही.” आणि जीपमध्ये जाऊन बसली. माय तशीच उभी राहिली. जीप गेल्यावर ती मागे वळली, माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसाच काढला आणि आत जाऊन भाकरीचं पीठ काढायला लागली. त्या गोष्टीवर ती माझ्याशी तेव्हा बोलली नाही आणि नंतरही नाही.

मधल्या चौकटीला काही महिने फळ्या ठोकलेल्या होत्या. बैठकीत अंधार असायचा. लोकांचं येणं थांबलं नाही, उलट वाढलं. येणारा माणूस इकडे तिकडे बघायचा, स्लॅब बघायचा, ओटा बघायचा आणि शेवटी आवाज खाली आणून विचारायचा, “ती काच कुठली?” माय बोट दाखवायची. पुढच्या वर्षी आप्पांनी नवी काच आणवली. उस्मान मिस्त्री आले, पण काच बसवण्याआधी त्यांनी कोणाला न विचारता आतल्या बाजूनं मांडीएवढी बुटकी विटांची भिंत बांधायला घेतली. आप्पा म्हणाले, साहेबांना आवडणार नाही. मिस्त्रींनी थापी थांबवली नाही. “साहब को बोलो, उस्मान ने बांधी.” साहेबांना पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं ते आप्पांनी एकदाच वाचलं आणि ठेवून दिलं. त्यात काय होतं मला ठाऊक नाही. हल्ली येणारी मुलं नकाशा उघडून म्हणतात, आजी, ही भिंत मूळ रचनेत नाही, ही काढली तर घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. मी म्हणते, नंतर बांधली. तेवढंच म्हणते.

फुई आली नाही. राखीला आप्पा ब्राह्मणपुरीला जायचे, राखी बांधून घेऊन परत यायचे. आखाजीला माय दोन माणसांचे मांडे जास्त करायची आणि संध्याकाळी ते मजुरांच्या घरी पाठवायची. बाजारात एकदा दोघी समोरासमोर आल्या असं मला एका बाईनं सांगितलं. माय थांबली होती, फुई तिच्या बाजूनं निघून गेली. त्या दिवशी माय घरी येऊन ओटा घासत बसली, दोन तास. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होते आणि ब्रशचा आवाज ऐकत होते. उठून जावं, फुईला गाठावं, काढ्यात मी, असं सांगावं, हे मला रोज सुचायचं. रोज. ते सुचणं इतकं सवयीचं झालं की त्यातली धार गेली. मी दहावी-अकरावी केली, शाळेत मास्तरीण झाले, लग्नाची स्थळं नाकारली. माणसं मला शांत म्हणायची.

आठ वर्षांनी माय गेली. कावीळ झाली होती, महिनाभरात आटोपलं. शेवटी तिचा डोळा त्या लांबट खिडकीकडे असायचा म्हणून आम्ही तिची खाट स्वयंपाकघरात आणली होती. तिला नेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी कडुलिंबाखाली बसले होते आणि चढावरून एक बाई येताना दिसली. चालण्यावरून ओळखलं. फुईचे सगळे केस पांढरे झाले होते. तिनं गळ्यात पडून हंबरडा फोडला नाही, जशा सगळ्या बाया फोडतात. माझ्या शेजारी मातीत बसली. घराकडे पाठ करून बसली. समोर नदी होती.

मी म्हणाले, “फुई, चिंध्या मायनी नही काढ्यात. मी काढ्यात.”

माझा आवाज साधा होता. शाळेत हजेरी घेताना असतो तसा.

फुई म्हणाली, “मले मालूम शे.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“त्या सकायले मी झोकावर बठेल व्हतू,” ती म्हणाली. “तू टेबलवर चढेल व्हती. एक एक चिंधी काढी ऱ्हायंती. मी देखं.” तिनं मातीतली एक निंबोळी उचलली आणि बोटात फिरवली. “नदी दिखी ऱ्हायंती आरपार. घर इतलं चांगलं दिखी ऱ्हायंतं! मले वाटनं, सांगू भाभीले. पन मी बोलनू नही. चांगलं दिखी ऱ्हायंतं म्हनीसन बोलनू नही.”

“मंग मायशी आठ वरीस...”

“राग कोनावर तरी धरना पडना असता,” फुई म्हणाली. “मन्हावर धरती तं मी जगती नही. बारा वरीसनी पोरवर कसा धरू? तुन्ही माय पुढे वनी. तिलेबी मालूम व्हतं, मले मालूम शे ते. तिन्हा डोळामां मी देखं त्या दिवशी.”

मला वाटलं, आता येईल. छातीत काहीतरी सैल होईल आणि मी रडेन. मी थांबून राहिले. नदीवर कोणीतरी म्हशी धूत होतं, पाण्याचे फटके ऐकू येत होते. काही आलं नाही. फुईनं माझा हात घेतला, तो तिच्या हातात होता हे मला दिसत होतं.

तेवढ्यात आप्पांनी घरातून हाक मारली. रस्त्यावर एक मोटार येऊन थांबली होती. सुरतेकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, घराबद्दल कोणाकडून तरी ऐकून लांबून आलं होतं. सुतक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आप्पांना ते सांगण्याचंही बळ उरलं नव्हतं. घर दाखवायचं काम मायचं होतं. मी उठायला लागले.

“बठ तू,” फुई म्हणाली. “मी दखाडस.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याची माती झटकली. दारात तिनं चपला काढल्या, उंबऱ्याशी जराशी थांबली, आणि मग त्या दोन मुलांचे हात दोन्ही हातांत घट्ट धरून आत गेली.